आश्रम बंद होतोय, आईला कसं सांगू?

या वेळी टपालात एकाच विषयाची तीन पत्रं आली, म्हणून बाकीची मधुमेहाची आणि गुडघ्यांची पत्रं पुढच्या अंकावर ढकलते. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी परिचारिका. नोकरीची शेवटची चौदा वर्षं पुण्याजवळच्या एका ४० खाटांच्या केंद्रात इनचार्ज सिस्टर होते. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की लोकांना बाळंतपण आठवतं, आणि ‘वृद्धाश्रम’ म्हटलं की टाकून दिलेले आईवडील. अंथरुणाला खिळलेल्या, विसराळू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या जागेला मराठीत अजून धड नावच नाही. आमचं केंद्र तसलंच होतं. तेही बंद झालं. तेव्हा खाली जे लिहिते आहे ते वाचून नाही, भोगून लिहिते आहे.

प्रश्न : माझी आई ८२ वर्षांची. पाच वर्षं पुण्याच्या वेशीवरच्या एका वृद्धाश्रमात आहे. स्मृतिभ्रंश आहे, नावं विसरते, पण चेहरे ओळखते. महिना २८ हजार भरतो, सुरुवातीला दीड लाख अनामत दिली होती. गेल्या रविवारी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला, की जागेचा करार संपतोय, ३० दिवसांत प्रत्येकानं आपापली सोय करावी. भाऊ दुबईत. मी नाशिकला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सासूबाई आमच्याकडेच असतात. आईला हे सांगायचं का? व्यवस्थापक म्हणतात, ‘फिरायला जाऊ म्हणून गाडीत बसवा आणि नवीन ठिकाणी सोडा, त्यांना कळणारही नाही.’ मला रात्री झोप लागत नाही. – एक मुलगी, नाशिक

उत्तर : ‘फिरायला’ नको. बाकी काहीही करा, हे करू नका. फिरायला म्हणून नेलेलं माणूस संध्याकाळी पिशवी घेऊन दाराशी उभं राहतं आणि म्हणतं, ‘चला, झालं फिरून, आता परत.’ मग दुसरं खोटं बोलावं लागतं, तिसरं बोलावं लागतं, आणि चौथ्या दिवसापासून ती तुमच्याबरोबर गाडीत बसायला घाबरते. काय घडलं ते आई विसरेल. पण कुणीतरी आपल्याला फसवलं ही भावना राहते, ती नावांबरोबर जात नाही.

सांगा, पण महिनाभर आधी नको. तीन-चार दिवस आधी, सकाळी चहानंतर, एका वाक्यात सांगा : ‘आई, ही जागा बंद होतेय, आपण दुसऱ्या ठिकाणी राहायला जाणार आहोत, मी बरोबर येणार आहे.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य, तेच शब्द. रडली तर रडू द्या. आमच्याकडे एका मुलानं आईला तब्बल पाच आठवडे आधी सगळं समजावून सांगितलं, अगदी प्रामाणिकपणे, करारासकट. त्या आजी पाच आठवडे रोज पहाटे ट्रंक भरत होत्या आणि आम्ही रोज दुपारी ती रिकामी करत होतो.

आता तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. घरी आणू का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्राच्या ओळीओळीत ते आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही, घरात आणखी एक वयस्कर बाई, आणि रात्री उठून फिरणारी आई. नका आणू. पंधरा दिवसांत तुम्ही आडव्या व्हाल, आणि मग घाईघाईत जी जागा मिळेल ती घ्यावी लागेल. दुसऱ्यांदा हलवणं पहिल्यापेक्षा वाईट.

पलंग मिळेल हो. पुण्याच्या आसपास २८ हजारांत पलंग मिळतो. मिळत नाही ते वेगळंच काहीतरी असतं. ते मला कसं कळलं ते सांगते, कारण त्यात चूक माझी होती.

आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. स्वारगेट-महाड गाडीवर हयात गेलेली. स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला. केंद्र बंद होताना मी प्रत्येकाचा बदलीचा कागद स्वतः लिहिला. त्यांचा तर सहा पानी होता : औषधं, रक्तदाब, बद्धकोष्ठता, डाव्या टाचेची जुनी जखम, सगळं. मला माझ्या अक्षराचा अभिमानही होता. नव्या ठिकाणी गेल्यावर त्यांनी जेवण सोडलं. घास तोंडाशी नेला की मान फिरवायचे. तिसऱ्या आठवड्यात नाकातून नळी घातली. नळी उपटतात म्हणून हात बांधले.

आमच्याकडे त्यांचं सगळं करणाऱ्या मावशी, म्हणजे आयाबाई, तोवर हिंजवडीत एका मेसमध्ये पोळ्या लाटत होत्या. एका रविवारी त्या भेटायला गेल्या. पलंगाशी उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, ‘मास्तर, भोर आलं. गाडी धा मिनिटं थांबणार. जेवून घ्या.’ त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी घास देऊन बघितले, ठसका नाही असं पाहिलं आणि काही दिवसांनी नळी काढली. पुढे ते सात महिने जगले, रोज दोन वेळा भोरला जेवून.

चार वर्षं ही बाई त्यांना रोज असं जेवू घालत होती आणि मला, इनचार्ज सिस्टरला, ते माहीत नव्हतं. मी फक्त ताट रिकामं बघून ‘आहार : उत्तम’ असं लिहीत होते.

म्हणून या ३० दिवसांतली पहिली सुट्टी नवी जागा शोधण्यात घालवू नका. एक शंभर पानी वही घ्या आणि आईच्या मावशींजवळ जाऊन बसा. दिवसपाळीच्या आणि रात्रपाळीच्या, दोघींजवळ, वेगवेगळं. सिस्टरकडे नको, व्यवस्थापकाकडे तर नकोच. विचारा : सकाळी कशी उठवता? आंघोळीला नाही म्हणाली तर काय बोलता? औषध पाण्याबरोबर घेते की केळ्यात घालून? संध्याकाळी कावरीबावरी झाली तर काय करता? रात्री कितीदा उठते आणि कुठल्या बाजूला वळते? या बायकांना कुणी कधी विचारलेलं नसतं. आधी ‘काय नाय, चांगल्या हायेत आजी’ म्हणतील. थांबा. दुसऱ्या चहाला बोलायला लागतील. त्यांचे फोन नंबर घ्या आणि जमलं तर नव्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात एक-दोन दिवस यायचे रीतसर पैसे द्या. आश्रम बंद झाला की त्यांचीही नोकरी जाते, हे ग्रुपवर कुणी लिहिलेलं नसेल.

रात्री कुठल्या बाजूला वळते, हे उगाच विचारायला सांगितलं नाही. पाच वर्षं आई अंधारात उठून डाव्या हाताला संडासात जात असेल, तर नव्या खोलीतही ती डावीकडेच जाणार, तिथे भिंत असो की कपाट. बदलीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या दोघांची मांडीची हाडं मोडली, दोन्ही रात्रीच. नव्या खोलीत पलंग शक्यतो जुन्या दिशेनं लावून घ्या, रात्रभर छोटा दिवा ठेवा, आणि चादर व उशीचा अभ्रा तिचाच न्या. न धुता. नवी चादर घेऊन जायचा मोह आवरा.

जागा शोधताना एकटीनं शोधू नका. तो ग्रुप नुसता सुस्कारे टाकायला नाही. आमचे ३८ जण अकरा ठिकाणी पांगले. त्यातले सहा जण दोन मावश्यांसकट एकाच ठिकाणी गेले, आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, ते सहा जण सगळ्यांत कमी कोसळले. चार-पाच कुटुंबं मिळून गेलात तर नव्या मालकाला एकदम चार-पाच पलंग भरतात, मग तो दरातही ऐकतो आणि मावशीला नोकरीही देतो. आईच्या खोलीत जिचा पलंग असेल तिच्या मुलांना आजच फोन करा. आई तिचं नाव सांगू शकणार नाही, पण ती समोर नसली की शोधेल.

आणि नव्या ठिकाणी हवा-उजेड, बाग बघून झाली की एक प्रश्न विचारा जो मागच्या वेळी विचारला नव्हता : जागा तुमची की भाड्याची, आणि भाड्याची असेल तर करार किती वर्षांचा? नोंदणी कशाखाली आहे, ट्रस्ट, कंपनी की आणखी काही? बंद करायची वेळ आली तर किती दिवस आधी सांगणार, हे करारात लिहून घ्या. तीन महिने मागा. साठ दिवस तरी पदरात पडतील.

अनामत : पावती किंवा बँकेची नोंद शोधा आणि परत मागणारं पत्र आजच स्पीड पोस्टानं पाठवा, सामान हलवल्यावर नाही. टाळाटाळ झाली तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, कधीकधी तेवढ्यानंच माणसं जागी होतात. आईला पेन्शन असेल तर बँकेतला पत्ता बदला आणि हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो हे विसरू नका. आमच्या एका आजींची पेन्शन निव्वळ या धांदलीत थांबली होती.

शेवटचं, पण हे खरं तर जिवाशी आहे. पहिले सहा आठवडे ‘नवीन जागा आहे, रुळतील हळूहळू’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. ते अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या निदानांच्या यादीत १९९२ साली ‘रिलोकेशन स्ट्रेस सिंड्रोम’ हे नावच आलं, म्हणजे जागा बदलल्यानं माणूस घाबरतं, झोप उडते, खाणं कमी होतं, एकलकोंडं होतं हे आम्हाला ठाऊक आहे. पण एका-दोन दिवसांत एकदम बरळायला लागली, कपडे ओढायला लागली, किंवा उलट दिवसभर ग्लानीत राहिली, तर तो नुसता जागेचा दोष नव्हे. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, चार दिवस शौचाला न होणं, एखादी गोळी चुकणं किंवा दुप्पट जाणं, यातलं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दर रविवारी वजन करायला सांगा आणि आकडा स्वतः वहीत लिहा. पडून पडून जखमा होतात, म्हणून दर आठवड्याला कंबर आणि टाचा कपडे दूर करून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, पांघरुणावरून नाही.

झोपेचं म्हणाल तर वही भरायला घ्या. त्या कामानं येईल थोडी.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. वडील ८६, चार वर्षं इथल्या एका खासगी केअर होममध्ये आहेत, खर्च आम्हीच करतो. कंपनीनं ते होम बंद करायचं जाहीर केलंय. आम्ही ‘सेल्फ-फंडर’ (स्वखर्चानं राहणारे) आहोत म्हणून कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, म्हणते, तुमचं तुम्ही शोधा. बाबांचं इंग्रजी आता पूर्ण गेलंय, मराठीच बोलतात. तिथे एक गुजराती कर्मचारी आहे, तिला निम्मं कळायचं. – एक वाचक, लीड्स

उत्तर : मी तिथे काम केलेलं नाही. माझी भाची ग्लॉस्टरला केअर होममध्ये नर्स आहे, तिला रात्री अकरापर्यंत जागवून विचारलं.

कौन्सिलला असे हात झटकता येत नाहीत. ‘केअर अ‍ॅक्ट २०१४’च्या नवव्या कलमाप्रमाणे ज्याला मदतीची गरज दिसते त्याच्या गरजांची पाहणी करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, त्याच्याकडे पैसे किती आहेत हे न बघता. ‘होम बंद होतंय, तातडीनं पाहणी हवी’ असं फोनवर नाही, लेखी मागा. कंपनी दिवाळखोरीत जाऊन काम करूच शकत नसेल तर ४८वं कलम लागू होतं. त्यात तर आवश्यक असेल तोवर सोय करायची तात्पुरती जबाबदारी कौन्सिलवर येते, आणि ती स्वखर्चानं राहणाऱ्यांनाही लागू आहे. तुमची कंपनी बुडते आहे की फक्त दुकान आवरते आहे, हे आधी विचारून घ्या. दोन्हींत फरक आहे.

असली कलमं त्या लोकांना उगाच सुचलेली नाहीत. २०११ साली तिथली सदर्न क्रॉस ही सर्वांत मोठी केअर होम कंपनी कोसळली. साडेसातशेच्या आसपास होम्स आणि ३१ हजार म्हातारी माणसं. इमारती आधी विकून त्याच पुन्हा भाड्यानं घेतल्या होत्या, भाडं दरसाल वाढत गेलं आणि कौन्सिलांकडून येणारा पैसा आटला. वर नाशिकच्या ताईंना ‘जागा कुणाची ते विचारा’ म्हटलं ते आठवा. रोग तोच, आकार वेगळा.

भाचीनं आणखी एक खटला सांगितला, तो मला फार आवडला. एक्सेटर गावात मार्डन हाऊस नावाची जागा होती. गंभीर अपंगत्व असलेल्या मिस कॉगलन आणि इतरांना १९९३ मध्ये तिथे हलवताना आरोग्य खात्यानं शब्द दिला होता, की हवं तितके दिवस हे तुमचं घर. पाच वर्षांनी तेच खातं बंद करायला निघालं. १९९९ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं, दिलेला शब्द असा मोडता येणार नाही. ते सरकारी खातं होतं, तुमची खासगी कंपनी आहे, म्हणून हा निकाल तुम्हाला जसाच्या तसा कामाला येणार नाही. करारातली नोटिशीची मुदत मात्र नीट वाचा.

आता बाबांची भाषा. विसरायच्या आजारात मागून शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते, त्यात नवल नाही. एका कार्डावर ‘पाणी, शू, शी, दुखतंय, थंडी वाजते, नको, बास, आई गं’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत, अर्थासकट लिहा आणि पलंगाशी लावा. ‘आई गं’ विसरू नका, तिथल्या कुणाला वाटायचं आईची आठवण काढतायत आणि दुखणं अंगावर निघायचं. गुजराती किंवा हिंदी बोलणारं कुणी पाळीवर हवं, हे केअर प्लॅनमध्ये लिहूनच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीपर्यंत पोचत नाही, ते पुण्यातही पोचत नाही. आणि त्या गुजराती बाई पुढे कुठे कामाला लागणार आहेत, ते विचारलंत का?

प्रश्न : मी ७८ वर्षांचा, निवृत्त तलाठी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या आश्रमात नऊ वर्षं राहतो. मूलबाळ नाही. हाताशी पेन्शन आहे, डोकं शाबूत आहे. ट्रस्टी जागा विकणार अशी कुजबुज आहे, पण आम्हा बावीस जणांना कुणी काही सांगत नाही. विचारलं तर ‘आजोबा, तुम्ही काळजी करू नका’ म्हणतात. आम्हाला काही विचारायचा अधिकार आहे का? दुसरं, माझी तुळशीची कुंडी आहे, बायकोनं लावलेली. नव्या ठिकाणी नेऊ देतील का? – एक वाचक

उत्तर : तुम्ही तलाठी होतात, म्हणजे सात-बारा कसा काढायचा हे मी तुम्हाला सांगायला नको. आधी तोच काढा. जागा ट्रस्टच्या नावावर असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० चं ३६वं कलम आहे : धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय सार्वजनिक ट्रस्टला स्थावर मिळकत विकता येत नाही. इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानं द्यायची तरी परवानगी लागते. देणगीच्या पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक असतो. तो घेऊन कोल्हापूरच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज द्या, बावीस जणांच्या सह्या-अंगठ्यांनिशी : विक्रीचा अर्ज आला आहे का, आणि आला असल्यास आम्हाला ऐकून घ्या, आमची सोय काय ते ठरल्याशिवाय परवानगी देऊ नका. पोच घ्या. पोच घ्यायचं तरी तुम्हाला कशाला सांगते!

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा आश्रम म्हटलेला आहे. पण नीट वाचाल तर शासन असा आश्रम स्थापन ‘करील’ असं नाही, ‘करू शकेल’ असं आहे. त्या ‘शकेल’वर तुमच्यातल्या पेन्शन नसलेल्यांनी विसंबून राहू नये. त्यांची नावं आतापासूनच समाजकल्याण कार्यालयात लेखी कळवून ठेवा. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो, पैसे पडत नाहीत. तिथेही सांगा. आणि कुणी नातेवाईक घर स्वतःच्या नावावर करून घेऊन विसरले असतील, तर त्या माणसानं प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. ‘सांभाळ करीन’ या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. बक्षीसपत्रात ती अट लिहिलेली आहे का, तेवढं आधी तुम्हीच वाचून द्या सगळ्यांना.

‘आजोबा, तुम्ही काळजी करू नका’ याला माझ्याकडे एकच उत्तर आहे : ‘बरं, मग ठरावाची प्रत द्या.’

तुळस नेऊ देतील. प्रवेशाच्या अर्जात सामानाच्या यादीत पहिलीच लिहा, कपड्यांच्याही आधी, म्हणजे नंतर ‘आमच्याकडे कुंड्या चालत नाहीत’ म्हणायला जागा राहणार नाही. आदल्या दिवशी पाणी घालू नका, कुंडी हलकी राहते. टेम्पोत मागे टाकू देऊ नका, पुढे पायाशी धरून बसा. पोचल्यावर दोन दिवस सावलीत ठेवा, मग उन्हात. पानं गळतील. मंजिऱ्या असतील तर निघायच्या आधी खुडून कागदाच्या पुडीत घाला आणि पुडी खिशात ठेवा.